पाच सेडींचं बोलणं

कुमासीत सकाळी साडेसहाला
मी काचेच्या अलीकडे बसतो.
समोर आठ दिवे. प्रत्येक दिव्यामागे
घसा खाकरत थांबलेला एकेक माणूस.
कुणाला हवेवर सोडायचं ते माझं बोट ठरवतं.
त्या बोटाला पगार फारसा नाही.

आजचा विषय टोमॅटोचं खोकं.
गेल्या बाजाराच्या दुप्पट झालंय.
नगरपालिकेचे ब्रेम्पाँग साहेब कडक इस्त्रीत आलेत,
हातात कागद, कागदावर एक आकडा, आकड्याखाली शिक्का.
"याच्या वर विकेल त्याचा माल जप्त!"
ते कागद माइकसमोर फडकवतात.
रेडिओवर कागद दिसत नाही
हे त्यांना सांगायला कुणी धजत नाही.

विद्यापीठातले डॉक्टर अम्पोन्सा
पाच मिनिटं इंग्रजीत बोलतात.
निवेदक म्हणतो, आता आपल्या भाषेत सांगा.
डॉक्टर थबकतात. चष्मा पुसतात.
मग म्हणतात, "भाव हा निरोप्या आहे.
उत्तरेच्या रस्त्यावर कुठे टायर फुटला,
कुणाच्या वाफ्यात कीड पडली,
कोण किती उपाशी,
सगळं एका आकड्यात बांधून तो धावत येतो.
तुम्ही त्याच्याच तोंडात बोळा कोंबताय."
मला हे पटतं. मी त्यांचा आवाज थोडा वाढवतो.

तिसरा दिवा. सेरवा पोकुआ,
टोमॅटोवाल्यांची राणी, तीस वर्षं गादीवर.
"मी नऊ वर्षांची होते. सैनिक आले,
आईच्या दुधाच्या डब्यांवर त्यांनी खडूनं भाव लिहिला.
दुसऱ्या दिवशी फळीवर नुसता खडू उरला होता.
साहेब, तुमचा कागद मी ओळखते.
बाजाराला त्याच्या पायांनी चालू द्या."
काचेपलीकडे डॉक्टर टाळी वाजवतात, बिनआवाजाची.

मग सातवा दिवा.
कोवळा आवाज, मागे ट्रकची घरघर.
"मी दुफी. अकुमादानहून अकरा खोकी आणलीत,
माझ्या मामाच्या शेतातली.
साहेबांच्या आकड्याहून खाली द्यायला तयार आहे.
पण उतरवू देत नाहीत.
म्हणतात, आधी राणीला विचार."

हवेवर शांतता फार महाग असते.
चार सेकंद गेली.
"पोरी," सेरवा म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता,
"गेल्या वर्षी मालाचा ट्रक उलटला,
मेलेल्यांचं तेराजणींनी मिळून केलं.
ते पैसे कुठून आले?
आज तू स्वस्तात ओतशील आणि उद्या दिसणार नाहीस.
आम्ही परवाही इथेच असू."

ब्रेम्पाँग साहेब पहिल्यांदाच हसले.
डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले;
त्यांच्या निरोप्याला आता दोन घरचे निरोप.

"खरं आहे, आई," दुफी म्हणाली,
"तुमच्या फंडात मीही घालीन की.
मी एवढंच म्हणते, तुमच्या आईच्या फळीवर त्या दिवशी"

टुंग.
पाच सेडींचं बोलणं संपलं.
दिवा विझला.
निवेदकानं हात हलवला, मी जाहिरात लावली:
डब्यातला टोमॅटो, समुद्रापलीकडचा,
बारा महिने एकच चव, एकच भाव.

नियम असा की आम्ही कुणाला फोन करत नाही.
बिल स्टेशनला येतं,
आणि एकीला केला तर सगळ्यांना का नाही,
याला माझ्याकडे उत्तर नाही.
तरी मी नंबर फिरवला.

तिनं उचलला. ट्रक बंद होता.
"बोल, तू हवेवर आहेस."
"थांबा जरा," ती म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय."

निवेदक काचेवर बोटं आपटतोय.
मी बटण दाबून धरलंय.
अख्खं शहर ऐकतंय,
ट्रकच्या फळीवर खोकं सरकल्याचा आवाज,
एका बाईचा प्रश्न, "कसं दिलं?"
आणि दुफी,
"आधी हात लावून तर बघा."